नाक्यावरचा जुमा आणि नोंदवह्या

रामल्लाहून बैतुल मुकद्दसला जाताना वाटेत कलंदियाचा नाका लागतो. मस्जिदे अक्सा तिथून जेमतेम दहा-अकरा किलोमीटर. रमजानच्या जुम्याला पहाटेपासून तिथे रांग लागते. रोजा आहे, ऊन चढते आहे आणि पुढे जाता येईल की नाही हे नमाजीचे वय आणि हातातला परवाना ठरवतो. या रांगेजवळ २००१ पासून काही स्त्रिया वही-पेन घेऊन उभ्या राहू लागल्या. त्या पॅलेस्टिनी नव्हत्या. इस्राएली होत्या, बहुतेक ज्यू आणि बऱ्याचजणी आजीच्या वयाच्या.

हिब्रूत नाक्याला ‘महसोम’ म्हणतात, म्हणून संघटनेचे नाव ‘महसोम वॉच’. जानेवारी २००१ मध्ये तिघींनी ती सुरू केली. पार्श्वभूमी ठाऊक हवी. १९६७ च्या युद्धात पश्चिम किनारा इस्राएलच्या ताब्यात गेला, तरी १९७२ च्या सर्वसाधारण परवान्यामुळे लोकांचे येणे-जाणे चालू होते. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी तो परवाना रद्द झाला. मार्च १९९३ पासून बंदी कायमची झाली आणि सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इन्तिफादा पेटल्यावर गावोगावी नाके उभे राहिले.

महसोम वॉचच्या बायका सकाळ-दुपारच्या पाळ्यांत नाक्यावर जात. किती जणांना अडवले, किती वेळ, का परतवले हे लिहून घेत. वरच्या अधिकाऱ्याला फोन करीत. घरी येऊन अहवाल तयार करीत. मी वर्गात रोज हजेरी घेतो. गैरहजर मुलापुढे केलेली खूण त्याला वर्गात आणत नाही, पण ती नसेल तर तो आला नव्हता हे वर्षाअखेरीस कोणी सिद्ध करू शकत नाही. या वह्यांचे काम मला तसेच वाटते.

सणांच्या दिवसांत हे काम अधिक अवघड होई. ज्यूंच्या मोठ्या सणांना पश्चिम किनाऱ्यावर संपूर्ण बंदी लादण्याची प्रथा पडली होती. तिच्यामागची भीती खोटी होती असे नाही. २७ मार्च २००२ रोजी पेसाहच्या रात्री नेतन्याच्या एका हॉटेलात आत्मघाती हल्ला झाला आणि सणाच्या जेवणाला बसलेली ३० माणसे मेली. पण पेसाह म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटकेचा सण! त्याच दिवसांत शेजारच्या लाखो लोकांनी कोंडून राहायचे, ही विसंगती त्या बायकांच्या नजरेतून सुटणारी नव्हती.

२००५, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ तीन वर्षे रमजान आणि ज्यूंचा तिश्री महिना एकाच चंद्रावर सुरू झाले. दोन्ही पंचांगे चंद्राचीच. फक्त ज्यू अधिक महिना घालतात, आपण घालत नाही. एकीकडे नववर्ष, योम किप्पुरचा उपवास आणि मांडवांचा सण, दुसरीकडे रोजे. उपास दोघांचाही, दार मात्र एकाच्या हातात. त्यातच २००६ च्या सुरुवातीला कलंदियाला नवे टर्मिनल उघडले. लोखंडी पिंजऱ्यासारख्या वाटा आणि फिरती दारे आली. शिपाई काचेआड गेला. ज्याच्याशी बोलून एखाद्या म्हातारीला सोडवता येई, तो माणूसच दिसेनासा झाला.

नोव्हेंबर २००४ मध्ये नाब्लसजवळच्या बैत इबा नाक्यावर एक पॅलेस्टिनी तरुण शिपायांपुढे व्हायोलिन वाजवताना महसोम वॉचच्या कॅमेऱ्याने टिपला. त्याला वाजवायला लावले की तो आपणहून वाजवत होता, यावर वाद झाला. पण नाझी छावण्यांतल्या ज्यू वादकांची आठवण होऊन इस्राएल हादरला. रोज तासन्‌तास उभे राहणाऱ्या हजारो लोकांविषयी मात्र कोणी एवढे हळहळले नव्हते.

‘तुम्ही नाका थोडा माणुसकीचा करता, म्हणजे तो टिकवायलाच मदत करता’, हा आक्षेप बाहेरच्यांनी घेतलाच, संघटनेतही यावर खल झाला. संस्थापकांपैकी यहुदित केशेत यांनी २००६ मध्ये या अनुभवांवर पुस्तक लिहिले. माझ्या मते आक्षेप खरा आहे, आणि तरीही रांगेतल्या रोजेदाराला ताटकळत ठेवून तो सोडवता येत नाही.

२०१९ च्या रमजानमध्ये जुम्याला सर्व वयांच्या स्त्रियांना आणि चाळिशीपुढच्या पुरुषांना परवान्याशिवाय सोडत. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या पहिल्या रमजानमध्ये, २०२४ साली, पुरुषाचे वय किमान ५५ आणि बाईचे ५० हवे होते. शिवाय परवाना लागेच.