अंश दिसतो, छेद दिसत नाही

क्रीडाशिक्षकांच्या एका शिबिरात कबड्डीचा संघ घडवणाऱ्या एका शिक्षकांनी आम्हाला विचारले, "कोविडची लस घेतलेली मुले मैदानावर कोसळतात असे पालक म्हणतात. त्यांना काय सांगू?" 'तसे काही नसते' हे उत्तर सोपे होते, पण पूर्ण खरे नव्हते. म्हणून ही हकीकत आपण मुळापासून पाहू.

मूळ लशीच्याही आधीचे आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतील 'बिग टेन' या विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेने त्या हंगामाचे सामने पुढे ढकलले. तेव्हा लस बाजारात आलेलीच नव्हती. भीती होती ती कोविडची, आणि विशेषतः मायोकार्डायटिसची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणाऱ्या सुजेची. विषाणूंच्या संसर्गानंतर अशी सूज येऊ शकते हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहे. सुजलेल्या स्नायूत विद्युत्-संदेशांची लय बिघडते आणि त्यातच जोराचा व्यायाम झाला तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून अशा खेळाडूला साधारण तीन ते सहा महिने मैदानाबाहेर ठेवतात.

पुढच्याच महिन्यात ओहायो स्टेट विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंच्या हृदयाची एमआरआय तपासणी केली, तर ४ जणांत सुजेच्या खुणा आढळल्या. पंधरा टक्के! पालकांची झोप उडावी असा हा आकडा. पण २६ हा छेद किती लहान आहे ते पाहा. एखाद-दुसरा खेळाडू इकडेतिकडे झाला की टक्केवारी डोलू लागते.

त्यानंतर बिग टेनने जे केले ते आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाचे काम होय. १६ सप्टेंबरला सामने पुन्हा सुरू करण्याचे ठरले, पण कोविड झालेल्या प्रत्येक खेळाडूच्या हृदयाची तपासणी करण्याची अट घालून. या अटीतून आपोआप मोठा छेद मिळाला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: एमआरआय झालेले १५९७ खेळाडू, त्यांत मायोकार्डायटिस ३७ जणांना, म्हणजे २.३ टक्के. त्यांतही लक्षणे फक्त ९ जणांना होती. बाकीचे २८ जण यंत्राने शोधले नसते तर कोणालाच कळले नसते.

तोवर लस आली होती. २०२१ च्या वसंतात इस्रायलमधून बातमी आली, की फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर तरुण मुलांमध्ये मायोकार्डायटिस दिसत आहे. नंतरच्या मोजणीत १६ ते १९ वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण सुमारे ६६३७ मध्ये एक असे निघाले. अमेरिकेत १६-१७ वर्षांच्या मुलग्यांत फायझरच्या दर दहा लाख दुसऱ्या डोसांमागे सुमारे १०६ नोंदी झाल्या. मुलींमध्ये प्रमाण बरेच कमी होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडन व फिनलंड यांनी तरुणांना मॉडर्नाची लस देणे थांबवले. म्हणजे धोका खरा होता, आणि नेमका खेळण्याच्या वयातच अधिक होता. बहुतेक मुले लवकर बरी झाली. पण खेळाडूचा हंगाम गेला तो गेलाच. 'लस शंभर टक्के निर्धोक' असे ठासून सांगणाऱ्यांनी लशीचे नुकसानच केले, असे आम्हाला वाटते.

मग २.३ टक्के आणि ६६३७ मध्ये एक यांची सरळ तुलना करून 'रोगच कितीतरी वाईट' म्हणावे का? मोह होतो, पण तेही चुकीचे. एका ठिकाणी लक्षणे नसलेल्यांनाही यंत्राखाली घालून शोधले, दुसऱ्या ठिकाणी त्रास होऊन आलेलेच मोजले. लक्षणे असलेले ९ जण धरले, तर कोविडनंतरचे प्रमाण १७७ मध्ये एक येते. आता तुलना थोडी न्याय्य झाली. धोका रोगातच जास्त दिसतो, पण फरक आधी वाटला त्याहून कमी.

याहून मोठी चूक मृत्यूंच्या मोजणीत झाली. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन सामन्यात कोसळला. लगेच आवई उठली, की त्याने लस घेतली होती. त्याने ती घेतलेलीच नव्हती, असे त्याच्या क्लबच्या संचालकांनी स्पष्ट केले. पण कोसळलेल्या खेळाडूंच्या याद्या बनू लागल्या त्या थांबल्या नाहीत. २०२२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातील पत्रात अशा यादीचा आधार घेतला गेला. १९६६ ते २००४ या काळात पस्तिशीच्या आतले ११०१ खेळाडू अचानक दगावले, म्हणजे वर्षाला २९; आणि आता दोन वर्षांच्या आत दीड हजारांहून अधिक हृदयघात!

आकडे ऐकून छातीत धस्स होते. पण ते ११०१ कुठून आले? ते वैद्यकीय लेखांत छापून आलेले तेवढेच मृत्यू होते. नव्या यादीत मात्र वर्तमानपत्रात सापडेल ते नाव, त्यात वयस्क प्रशिक्षकसुद्धा. जुना आकडा किती तोकडा होता हे पडताळता येते. अमेरिकेतील फक्त महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये २००३ ते २०१३ या दहा वर्षांत हृदयामुळे ७९ अचानक मृत्यू नोंदले गेले, वर्षाला जवळजवळ आठ. मग साऱ्या जगात २९ कसे असतील? एकाच पद्धतीने मोजले, तर अमेरिकेतील तरुण खेळाडूंत हृदय अचानक बंद पडण्याच्या घटना २०१७-१९ मध्ये २०३ आणि २०२०-२२ मध्ये १८४ झाल्या. (२०२० मध्ये सामनेही कमी झाले, हे विसरू नये.)

कामगिरीचे म्हणाल, तर डोसनंतर एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी असते. तेवढे दिवस सराव हलका ठेवावा. टोकियो ऑलिंपिकच्या क्रीडाग्रामात ८० टक्क्यांहून अधिक जण लस घेतलेले असतील असा आयोजकांचा अंदाज होता, आणि विश्वविक्रम तिथेही झाले. पण यावरूनही काही सिद्ध होत नाही.

आपल्याकडे फायझर व मॉडर्ना या लशी दिल्याच गेल्या नाहीत. पुण्यात बनलेली कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन यांची रचना वेगळी, त्यामुळे परदेशातले हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. आयसीएमआरने ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना २९१६ इतर व्यक्तींशी केली. लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. कोविडमुळे रुग्णालयात राहावे लागणे, घराण्यात आकस्मिक मृत्यू, अतिमद्यपान आणि मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांत केलेले जोराचे श्रम यांच्याशी मात्र संबंध आढळला.

शिबिरात हे सांगून झाल्यावर त्या शिक्षकांनी घराण्यातील मृत्यूचा मुद्दा वहीत लिहून घेतला. मग हळूच म्हणाले, "माझ्या संघात एक मुलगा आहे. पळताना त्याला दोनदा भोवळ आली, आणि त्याचे काका तिशीतच गेले." लशीचा विषय तिथेच संपला. मुलाला खेळवणे आजच थांबवा आणि उद्याच जिल्हा रुग्णालयात ईसीजी काढायला न्या, असे आम्ही त्यांना सांगितले.