वेदनाशमनाचे भय

कर्करोग बळावलेल्या रुग्णापुढे वेदनाशमनाच्या शुश्रूषेची गोष्ट काढली की तो पुष्कळदा दचकतो, नातेवाईक डॉक्टरांना खुणेने बाहेर बोलावतात, आणि ज्या उपचाराने त्याची रात्र सुखाची जावी तोच त्याला यमाघरचे समन्स वाटू लागतो. सुशिक्षित लोक याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतात. परंतु या शुश्रूषेचा पूर्वेतिहास चाळला म्हणजे रुग्णाचे भय अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही.

कारण ती जन्मालाच आली मृत्यूच्या उंबरठ्यावर. १८७९ मध्ये डब्लिन येथे व १९०५ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात आयरिश धर्मभगिनींनी जी आश्रयस्थाने उघडली, ती मरणोन्मुखांसाठीच उघडली, आणि तसे सांगण्यात त्यांना संकोच नव्हता. हॅकनीच्या या आश्रयस्थानात, सेंट जोसेफमध्ये, १९५८ साली सिसिली सॉंडर्स ही आधी परिचारिका, मग रुग्णालयीन समाजसेविका आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी डॉक्टर झालेली बाई दाखल झाली. तोवरचा बहुतेक ठिकाणचा रिवाज असा, की रुग्णाने असह्य होईतो कण्हावे आणि मगच त्याला औषध मिळावे. सॉंडर्सबाईंनी तेथे तो मोडून दर चार तासांनी, वेदनेने पुन्हा डोके वर काढण्यापूर्वीच, मॉर्फिन पाजण्याचा पाठ घालून दिला. याहून मोलाचे म्हणजे त्यांनी रुग्णांचे बोलणे ऐकून टिपून ठेवले. ‘काय दुखते?’ एवढ्या प्रश्नावर एका स्त्रीने आपली पाठ, मग नवऱ्याचे व मुलाचे बुडणारे काम, मग पैशाची ओढाताण, आणि शेवटी आपले कोणालाच कळत नाही ही भावना, असे सारे एका दमात सांगितले. शरीराची, मनाची, संसाराची आणि श्रद्धेची वेदना एकच असते, हा त्यांचा सिद्धांत अशा जबान्यांतून आकाराला आला, आणि १९६७ मध्ये लंडनमध्येच त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स ही संस्था त्याच पायावर उभारली.

रुग्णाची भीती वाढवण्यात वैद्यकाच्या मौनाचाही हात होता. १९६१ च्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर रुग्णाला कर्करोगाचे निदान सांगत नसत. १९७९ मध्ये तशाच प्रश्नावलीला ९७ टक्क्यांनी ‘सांगतो’ असे उत्तर दिले. आपल्याकडे मात्र ‘त्यांना काही सांगू नका हं’ ही विनवणी अजून दवाखान्याच्या दारातच होते. आणि ज्याला रोगाचे नावही सांगितलेले नाही, त्याने वेदनाशमनाच्या नव्या डॉक्टरला पाहून सर्वात वाईट तेच ताडले, तर दोष कोणाचा?

आपल्याकडे या भयात कायद्यानेही भर घातली. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. तेथील शल्यविशारद डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला, माउंट मेरीच्या परिसरात, ‘शांती आवेदना’ हे देशातील पहिले हॉस्पिस, म्हणजे मरणोन्मुखांचे आश्रयस्थान, स्थापन केले. योग मात्र विपरीत होता, कारण आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा नवा कायदा अंमलात आला होता. ज्या मुंबई बंदरातून एकेकाळी माळव्याची अफू पेट्यांच्या पेट्या भरून चीनला जाई, आणि ज्या व्यापाराचा पैसा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानधर्मातही होता, त्या मुंबईत आता चमचाभर मॉर्फिनसाठी दफ्तरे धुंडाळावी लागू लागली. बाळगण्याचा परवाना वेगळा, आयातीचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. आणि सगळ्यांची मुदत एकाच वेळी शाबूत असली तर माल हाती यायचा. कायद्यातील बऱ्याच कलमांना किमान १० वर्षांची सक्तमजुरी असल्याने रुग्णालयांनी साठा ठेवणेच सोडून दिले, व १९८५ नंतरच्या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहूनही अधिक घसरला. नीमच आणि गाझीपूरचे सरकारी अफूचे कारखाने मात्र परदेशी औषध कंपन्यांना अफू पुरवीतच होते. ही सरकारी बंदोबस्ताची शोकान्तिका नव्हे, फार्स आहे. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची साखळी सैल केली. पण दरम्यान एक पिढी हे शिकून बसली की मॉर्फिन म्हणजे एक तर व्यसन, नाही तर अखेर.

वास्तविक, बोस्टनमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग झालेल्या १५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निदानानंतर लवकरच ही शुश्रूषा ज्यांना मिळाली त्यांच्यात खिन्नता कमी आढळलीच, शिवाय ते मध्यकाच्या हिशोबाने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. टाटा रुग्णालयात २०१२ पासून या विषयाची एम.डी. पदवीही आहे. तेव्हा घरात असा रुग्ण असेल तर वाचकांनी सगळे उपाय थकेपर्यंत थांबू नये. पहिल्याच महिन्यात आपल्या डॉक्टरांना या शुश्रूषेविषयी विचारावे, आणि ते रुग्णाच्या समोर विचारावे.