आपत्तीनंतरची गरज-पाहणी (सुरत)

पूर, भूकंप अशा अचानक ओढवलेल्या संकटानंतर लोकांना नेमके काय हवे आणि कोणाला आधी हवे, हे जागेवर जाऊन ठरवणारी पाहणी व तिचा अहवाल. पंचनाम्यात गेलेल्याची मोजदाद असते. येथे उद्या काय लागेल याची. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला आणि तापीने सुरतचा बहुतांश भाग बुडवला. अशा पुरात गरज दिवसागणिक बदलते. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर अडकलेल्यांना प्यायचे पाणी, तान्ह्यांना दूध. पाणी ओसरले की गाळ उपसायला फावडी-घमेली, क्लोरीनच्या गोळ्या, लेप्टोस्पायरोसिसवरची औषधे. तारीख-वेळ न घातलेला अहवाल म्हणूनच कुचकामी. १९९४ च्या प्लेगने हादरलेल्या या शहरात कुजका कचरा आणि मेलेली जनावरे यांची नोंद तर सर्वांत वर हवी. लिंबायत, उधना भागांत पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथे प्रश्न मराठीत, जमल्यास अहिराणीत विचारावेत, आणि घरमालकाबरोबर भाडेकरूलाही. ज्यांचे रेशनकार्ड अजून गावाकडचे, ती कुटुंबे मदतीच्या यादीतून सहज सुटतात.