तळटीप १४ : कॉरोनर नोगुची

१४. थॉमस नोगुची (जन्म १९२७) : लॉस एंजेलिस काउंटीचे माजी कॉरोनर, मूळचे जपानचे. अकस्मात वा संशयास्पद मृत्यूचे कारण ठरवणे हे कॉरोनरचे काम. अमेरिकेतल्या कित्येक काउंट्यांत हे पद निवडणुकीने भरतात आणि उमेदवार डॉक्टर असलाच पाहिजे अशीही अट नसते. लॉस एंजेलिसला मात्र नेमणूक होते. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोचे शवविच्छेदन नोगुचींनीच केले, तेव्हा ते हाताखालचे डॉक्टर होते. प्रमुखपद १९६७ मध्ये मिळाले. लेखकाने ‘नटनट्यांचा कॉरोनर’ म्हणून त्यांची बोळवण केली आहे, ती अन्यायाची वाटते. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींच्या विच्छेदनाला त्यांनी वॉशिंग्टनहून लष्करी तज्ज्ञ बोलावून घेतले. उजव्या कानामागे जखम, भोवती बंदुकीच्या दारूचे कण. गोळी किती अंतरावरून सुटली असेल हे ताडायला त्यांनी डुकरांच्या कानांवर निरनिराळ्या अंतरांवरून गोळ्या झाडायला लावल्या, उमटलेले ठसे ताडून पाहिले आणि अंतर फार तर तीन इंच ठरवले. केनेडींचा मारेकरी ठरलेला सिरहान तर समोर होता, असे साक्षीदार सांगत होते! तो वाद अजून मिटलेला नाही. १९६९ मध्ये नोगुचींना बडतर्फ केले गेले. सुनावणीत लढून त्याच वर्षी ते परत आले. १९८२ मध्ये मात्र पदावनती झालीच. आपल्याकडे मुंबईतही कॉरोनर असे. ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. (संपा.)