सनद परत मिळाली, पण कोणाला?

तरुण वकील मित्रांना आंदोलनात बोलावले की अनेकदा एकच उत्तर मिळते, "केस अंगावर आली तर सनद जाईल." ही भीती आम्ही खोटी म्हणत नाही. जो घरातला पहिलाच वकील आहे, त्याच्या सनदेवर अख्खे घर उभे असते. १९२३ मध्ये खुद्द बाबासाहेबांकडे सनदेच्या फीचे पैसे नव्हते, नवल भथेनांनी मदत केली तेव्हा ती मिळाली. म्हणूनच सनद कोण काढून घेते आणि परत देताना नेमके काय परत देते, हे इतिहासाला विचारले पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण घ्या. अन्यायी कायदे मोडण्याच्या चळवळीबद्दल १९५२ मध्ये नेल्सन मंडेलांना शिक्षा झाली. ट्रान्सवालच्या लॉ सोसायटीने त्यांचे नाव वकिलांच्या यादीतून काढण्याची मागणी केली. १९५४ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. राजकीय ध्येयासाठी कायदा मोडला म्हणून माणूस वकिलीला नालायक ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

ब्रॅम फिशर यांच्या वाट्याला मात्र हा न्याय आला नाही. ते गोऱ्या आफ्रिकानर घराण्यातले, वडील न्यायाधीश. रिव्होनिया खटल्यात मंडेला आणि सहकाऱ्यांच्या बचावाचे नेतृत्व त्यांनी केले. १९६४ मध्ये त्यांनाच अटक झाली. जामिनावर असताना एका खटल्यासाठी ते लंडनला गेले. तिथेच राहता आले असते, तरी परत आले. जानेवारी १९६५ मध्ये मात्र ते भूमिगत झाले. जोहान्सबर्गच्या बार कौन्सिलने, म्हणजे त्यांच्याच सहकाऱ्यांच्या संस्थेने, त्यांच्याविरुद्ध अर्ज केला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचे नाव यादीतून काढले गेले. त्याच महिन्यात ते पकडले गेले. १९६६ मध्ये जन्मठेप झाली. कैदेत कर्करोगाने गाठले आणि १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, मंडेला शिक्षेला सामोरे गेले, फिशर यांनी तर कोर्टाला दिलेला शब्द मोडला. मुद्दा बिनतोड वाटतो. पण शब्द कोणत्या कोर्टाला दिला होता? ज्या राज्याने बहुसंख्य जनतेला मताचा हक्कही दिला नव्हता, त्या राज्याचे कायदे राबवणाऱ्या कोर्टाला! शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर देशात राहून वर्णभेदाशी लढायचे म्हणून आपण जात आहोत, असे त्यांनी पत्रातून कळवले होते.

२००२ मध्ये दक्षिण आफ्रिकेने खास कायदा केला. वर्णभेदाला विरोध केल्यामुळे ज्यांची नावे काढली गेली, अशा मृत वकिलांची नावे पुन्हा नोंदवण्याची सोय त्यात होती. कुटुंबीयांच्या अर्जावर ऑक्टोबर २००३ मध्ये फिशर यांचे नाव पुन्हा नोंदले गेले. मृत्यूनंतर २८ वर्षांनी!

मेलेल्या माणसाला सनदेचा काय उपयोग? आमचे उत्तर असे: त्या दिवशी सनद फिशर यांना परत मिळाली नाही, वकिली व्यवसायाला त्याची इज्जत परत मिळाली. चूक आपली होती, हे संस्थेच्या दप्तरात नोंदले गेले. ही नोंद महत्त्वाचीच. पण १९६५ मध्येच बार कौन्सिल त्यांच्या पाठीशी उभी राहिली असती, तर तिची गरज पडली नसती.

म्हणून मित्रांनो, एकट्याने सनद पणाला लावा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. आमचे सांगणे इतकेच: ज्याच्या सनदेवर संकट येईल, त्याच्या बाजूने त्याच दिवशी उभे राहा. माफीनाम्यासाठी २८ वर्षे थांबू नका.