अंगण खरोखरच वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिचा रोख कोणावर आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ज्याच्या अंगी कसब नाही तो साधनाला नावे ठेवतो, असा तिचा उपहास आहे. म्हण खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. घरोघर तिचा प्रत्यय येतो, व्याख्यानमालेतही येतो. व्याख्यान रंगले नाही म्हणजे वक्ता ध्वनिक्षेपकाकडे बोट दाखवतो. परंतु ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो स्वतः नाचणारा नसावा, ओसरीवर बसून पाहणारा असावा असा आम्हांस दाट संशय आहे. अंगण खरोखरच वाकडे आहे की काय, हे उठून पाहण्याचे त्याला कारणच पडले नाही.

गेल्या दोनशे वर्षांत यंत्रे आली, आगगाड्या आल्या, कारखान्यांचे भोंगे वाजू लागले आणि हीच म्हण वेगळ्या भाषेत न्यायालयांतून ऐकू येऊ लागली. ज्याचा हात गेला त्याला सांगण्यात आले की तुझा हात बेसावध होता. मग केव्हातरी काही माणसे ओसरीवरून खाली उतरली आणि त्यांनी अंगणाला ओळंबा लावून पाहिला. ही हकीकत आज सांगावयाची आहे. तिचा मोठा भाग अमेरिकेतील रेल्वेचा आहे, कारण तेथे हे प्रकरण अगदी तड लागेपर्यंत लढवले गेले. शेवटी आपण आपल्या घरी येऊ.

१८३७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन आणि वूस्टर रेल्वेवर फारवेल नावाचा एक इंजिनचालक होता. सांधा बदलणाऱ्या माणसाच्या चुकीने इंजिन रुळांवरून घसरले आणि फारवेलचा उजवा हात गेला. त्याने कंपनीवर दावा लावला. १८४२ साली मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी निकाल दिला तो थोडक्यात असा: या कामात धोका आहे हे तुला ठाऊक होते; त्या धोक्याची भरपाई तुझ्या पगारातच आली आहे; सोबतच्या नोकराने चूक केली तर त्याबद्दल मालक जबाबदार नाही. ‘पत्करलेला धोका’ हे तत्त्व पुढे साठ वर्षे कामगारांच्या वाटेत धोंडा होऊन पडले. त्यात एक गोम आहे. धोका नोकराने पत्करला असे एकदा ठरले, की तो कमी करण्याची तसदी घेण्याचे कोणालाच कारण उरत नाही.

आता तो धोका कसा होता ते पाहू. त्या काळी अमेरिकेत मालगाडीचे डबे जोडण्याची रीत कडी आणि खीळ अशी होती. एका डब्याच्या तोंडाशी लोखंडी कडी लोंबत असे. दुसरा डबा मागून ढकलत आणला जाई. दोन डब्यांच्या मधोमध रुळांत एक माणूस उभा राही. त्याला ब्रेक्समन म्हणत. येणाऱ्या डब्याकडे पाहत त्याने एका हाताने कडी उचलून धरावयाची, ती समोरच्या खाचेत नेमकी घालावयाची, दोन्ही डबे एकमेकांवर आदळण्याच्या क्षणी हात काढून घ्यावयाचा आणि वरून खीळ सोडावयाची. हे सारे रात्री, पावसात, बर्फ पडत असताना, एका हातात कंदील घेऊन. हात काढण्यास अर्धा पळ उशीर झाला तर बोटे गेली. पाय घसरला तर माणूसच गेला. नोकरी मागायला आलेल्या ब्रेक्समनची बोटे मोजली, की तो जुना आहे की नवखा ते कळते, असे त्या धंद्यात म्हणत. धडधाकट हातांचा माणूस अननुभवी ठरत असे!

म्हणजे ज्याची बोटे तुटली तो निष्काळजी, आणि ज्याची तुटली नाहीत तो अजून शिकायचा आहे. या दोन वाक्यांतली विसंगती कंपन्यांच्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे कोणाला खटकली नाही.

ती एका शेतकऱ्याला खटकली. आयोवा राज्यातील लॉरेन्झो कॉफिन हा काही रेल्वेचा माणूस नव्हता. १८७४ साली गाडीने जात असता एका ब्रेक्समनच्या उजव्या हाताची उरलेली दोन बोटे त्याच्या डोळ्यांदेखत गेली. आधीची बोटे त्या माणसाने तशीच वर्षभरापूर्वी घालवली होती. त्या दिवसापासून कॉफिनने दुसरा ध्यास घेतला नाही. रेल्वेवाल्यांच्या सभांत तो न बोलावता जाई, वर्तमानपत्रांना पत्रे लिही, आणि थट्टा झाली तरी मागे हटत नसे. १८८३ साली तो आयोवाचा रेल्वे आयुक्त झाला तेव्हा त्या थट्टेला थोडा चाप बसला.

गंमत अशी की कॉफिन ज्यासाठी ओरडत होता ती वस्तू केव्हाच तयार होती. एली जॅनी हा व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया गावच्या कापड-किराण्याच्या दुकानातला कारकून. दोन्ही हातांची बोटे वाकवून एकमेकांत अडकवली तर जशी पकड बसते, तशी पकड डब्यांच्या तोंडांना देता येईल, असे त्याच्या मनात आले आणि १८७३ साली त्याने तिचे पेटंट घेतले. डबा डब्यावर आदळला की पकड आपोआप बसते. सोडवावयाची तर बाजूला उभे राहून दांडा ओढला की पुरे. जी बोटे आजवर तुटत होती तीच या युक्तीत नमुना म्हणून उपयोगी पडली. आजही जगातल्या असंख्य गाड्या याच घडणीच्या जोडणीवर चालतात.

मग वीस वर्षे ती का आली नाही? खर्च हे एक कारण. ते सर्वांना समजते. परंतु दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. जोडणीच्या नव्या युक्त्यांची हजारो पेटंटे निघाली होती आणि एका कंपनीचे डबे दुसऱ्या कंपनीच्या गाडीत सर्रास जात. त्यामुळे एकट्या कंपनीने सुधारणा केली तर तिचा नवा डबा शेजारणीच्या जुन्या डब्याशी जुळेना. उलट दोन तऱ्हा एकत्र आल्या म्हणजे मधे उभ्या असलेल्या माणसाचा धोका वाढे. सुरक्षितता ही ज्याची त्याने आपल्यापुरती विकत घेण्याची वस्तू नाही, हे तेथे पुरते दिसून आले. १८८९ साली अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात सांगितले, की एका वर्षात दोन हजारांवर रेल्वे नोकर कामावर मेले आणि वीस हजारांहून अधिक जखमी झाले. युद्धातल्या शिपायाएवढा धोका उपयुक्त धंदा करणाऱ्याने सोसावा ही सुधारलेल्या समाजाला लाज आहे, अशी त्यांची तक्रार होती.

२ मार्च १८९३ रोजी कायदा झाला. त्याची शब्दयोजना आम्हांस फार मोलाची वाटते. अमक्याच्या पेटंटाची जोडणी वापरा असे कायदा म्हणत नाही. डबे आदळताच आपोआप जोडले जावेत, आणि माणसाला डब्यांच्या मधे शिरावे न लागता ते सोडवता यावेत, एवढेच तो म्हणतो. वस्तूचे वर्णन न करता त्याने माणसाची जागा ठरवून दिली. शिवाय आणखी एका कलमाने, या कायद्याविरुद्ध चालवलेल्या गाडीमुळे इजा झाली तर नोकराने धोका पत्करला होता असे मानू नये, असे सांगून शॉ यांच्या निकालाच्या मुळावरच घाव घातला. कंपन्यांना १८९८ पर्यंत मुदत होती. ती वाढवून १ ऑगस्ट १९०० करण्यात आली.

आणि ५ ऑगस्ट १९०० रोजी, म्हणजे चारच दिवसांनी, युटामधील प्रॉमंटरी गावी जॉन्सन नावाच्या ब्रेक्समनला एक इंजिन भोजनाच्या डब्याला जोडण्याचा हुकूम झाला. इंजिनाला जॅनीची जोडणी होती. डब्याला मिलरचा आकडा होता. दोन्ही स्वयंचलित; परंतु एकमेकांशी आपोआप जुळणाऱ्या नव्हेत. जॉन्सनला मधे शिरावे लागले आणि त्याचा हात चिरडून मनगटाच्या वर कापावा लागला. खालच्या न्यायालयांत तो हरला. तेथे असा युक्तिवाद मान्य झाला की इंजिन म्हणजे डबा नव्हे, आणि दोन्ही वाहनांवर स्वयंचलित साधन होते म्हणजे कायदा पाळलाच गेला. कागदावर हे बिनचूक होते. १९०४ साली सर्वोच्च न्यायालयाने मात्र ते फिरवले: माणसाला मधे शिरावे लागू नये हाच कायद्याचा हेतू असता, इंजिन यातून कसे सुटेल? ज्याला आज रचनाशास्त्र म्हणतात त्याचे एक मूलभूत सूत्र या निकालात आहे, असे आम्हांस वाटते. साधन चांगले की वाईट हे सुटे पाहून कळत नाही. ते दुसऱ्या साधनाला आणि माणसाच्या हाताला भिडते तेथे कळते.

जोडणीत धोका डोळ्यांना तरी दिसत होता. दुसऱ्या महायुद्धात त्याहून आडून बसलेला एक दोष सापडला. अमेरिकेची बी-१७ जातीची बाँबफेकी विमाने सुखरूप उतरत आणि जमिनीवर धावत असतानाच वैमानिक चाके वर ओढून घेई. विमान पोटावर बसे. नोंदवहीत शेरा पडे, ‘वैमानिकाची चूक’. आल्फॉन्स चपानिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञाला हे पाहण्यास सांगितले. त्याच्या ध्यानात आले, की सी-४७ विमाने चालवणाऱ्यांच्या हातून ही चूक होत नाही. माणसे तशीच, शिक्षण तसेच. मग फरक कशात? बी-१७ मध्ये चाकांचा खटका आणि पंखांच्या झडपांचा खटका एकमेकांशेजारी होते आणि हाताला अगदी सारखे लागत. थकलेला वैमानिक झडपा मिटायला जाई आणि चाके मिटी. चपानिसने चाकांच्या खटक्याला रबराचे छोटे चाक चिकटवले आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. न पाहताही बोटांना कळू लागले. आजही विमानात चाकांच्या खटक्याची मूठ चाकासारखी असावी असा नियम आहे. पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून सांगितलेले ४६० प्रसंग तपासले; त्यांतही खटके आणि त्यांच्या जागा यांचाच मोठा वाटा निघाला.

याच खात्यात १९५० साली गिल्बर्ट डॅनियल्स याने दहा मापे घेऊन ४,०६३ वैमानिक तपासले. विमानातली बैठक ‘सरासरी’ माणसासाठी बेतलेली होती. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर आले, एकही नाही. ज्याच्यासाठी खुर्ची केली तो मनुष्य जन्मालाच आला नव्हता. त्यानंतर मागेपुढे सरकणारी आसने, कमीजास्त करता येणारे पट्टे आले. तथापि या ४,०६३ जणांत स्त्री एकही नव्हती. सरासरी पुसली गेली, तरी कोणाची मापे घ्यावयाची हे आधीच ठरलेले होते.

हीच गोष्ट आपल्याकडे कशी घडली ते पाहण्यासाठी आता मुंबईत येऊ. हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा १८८१ चा. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये आणि धोक्याच्या यंत्राला कुंपण घालावे, येथून त्याची सुरुवात झाली. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची विश्रांती होती, आणि कामावर जायबंदी झालेल्याला बरे होईपर्यंत वेतन व कायमचा पंगू झाल्यास निर्वाहाची सोय, हीही मागणी होती. शॉ यांच्या ‘पत्करलेल्या धोक्या’ला परळच्या मैदानातून मिळालेले हे उत्तर होय. कामगार नुकसानभरपाईचा कायदा व्हावयास मात्र १९२३ साल उजाडले.

स्वतंत्र भारताचा १९४८ चा कारखाना कायदा बराच उदार होता. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, यंत्राचे फिरते भाग झाकावेत, अशी कलमे त्यात होती. परंतु चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी करावयाची तर ती खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानेच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून करावी, असे बाविसावे कलम सांगत होते. कारण उघड आहे. पदर पट्ट्यात सापडला म्हणजे काय होते ते गिरणगावात कोणाला सांगावे लागत नसे. तरीही पुरुषाला घट्ट कपडे मालकाने पुरवावेत असे लिहिणाऱ्यांना तेच कपडे बाईला पुरवावेत हे सुचले नाही. बाईला दूर ठेवणे सोपे वाटले, आणि त्याबरोबर तिची बढतीही दूर राहिली.

सत्ताविसावे कलम तर आपल्या खानदेश-वऱ्हाडच्या प्रेसांच्या ओळखीचे. कापूस दाबण्याच्या कारखान्यात जेथे कापूस मोकळा करणारे ओपनर यंत्र चालू असेल तेथे स्त्रिया व मुले यांना कामास मनाई होती. पण त्याच कलमाच्या शेपटात एक सवलत दिली होती. यंत्राचे कापूस घालण्याचे तोंड आणि कापूस बाहेर पडण्याचे तोंड यांच्यामध्ये आढ्यापर्यंत, किंवा निरीक्षक सांगेल तितक्या उंचीची, आडभिंत घातली असेल, तर कापूस घालण्याच्या बाजूला स्त्रियांना काम देता येत असे. २०२० साली संसदेने संमत केलेल्या नव्या संहितेने स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांवर घेता येईल असे म्हटले आहे. जुन्या कलमातली मनाई सर्वांच्या लक्षात राहिली. आडभिंत बांधणे मालकाच्या मर्जीवर होते, आणि ती जेथे उठली नाही तेथे दाराशी थांबावे लागले ते बाईलाच.