बिनतारी नावेच्या पोटातील तारा

१८९८ साली अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध जुंपले. त्याआधी फेब्रुवारी महिन्यात हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली होती. आरमार, पाणसुरुंग आणि तोफा यांवाचून न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांना दुसरा विषय सुचत नव्हता. त्याच वर्षी त्या शहरातील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विद्युत्-प्रदर्शन भरले, आणि तेथे निकोला टेस्ला यांनी पाण्याच्या हौदात चारेक फूट लांबीची एक लोखंडी होडी सोडली. होडीला दोरी नव्हती, तार नव्हती, आत माणूस मावणे तर शक्यच नव्हते. टेस्ला दूर उभे राहून एका लहानशा पेटीवरची दांडी फिरवीत, आणि होडी वळे, थांबे, पुन्हा चालू लागे. तिच्यावरचे दिवे लागत आणि विझत. चौसष्टाचे घनमूळ किती, असा प्रश्न कोणी होडीला विचारला आणि दिव्याने चार वेळा उघडझाप करून उत्तर दिले, अशी हकीगत सांगतात. पाहणाऱ्यांपैकी कोणाला त्यात मंत्रतंत्र दिसले, कोणाला वाटले की आत एखादे शिकविलेले माकड बसविले असावे. होडीचे झाकण उघडून आत डोकावण्याची संधी मिळाली असती, तर या मंडळींचा निराळाच भ्रमनिरास झाला असता. जगातील त्या पहिल्या बिनतारी होडीचे पोट तारांनी भरलेले होते.

या तारांचा हिशेब टेस्ला यांच्या पेटंटात सापडतो. १ जुलै १८९८ रोजी अर्ज केलेले आणि ८ नोव्हेंबर १८९८ रोजी मंजूर झालेले हे पेटंट ६१३८०९ क्रमांकाचे आहे. वर्णनावर विश्वास न बसल्यामुळे पेटंट कार्यालयाचे प्रमुख परीक्षक स्वतः न्यूयॉर्कला आले, होडी चालताना पाहिली, आणि मग मंजुरी मिळाली, असे टेस्ला यांनी पुढे लिहून ठेवले आहे. हा शोध सरकारला देऊ करावा म्हणून ते वॉशिंग्टनला एका अधिकाऱ्याकडे गेले, तेव्हा तो अधिकारी खो खो हसत सुटला, हेही त्यांनीच नोंदविले आहे. सरकारी कचेरीत नव्या कल्पनेचे असे स्वागत होण्याची ही पहिली वेळ नव्हती, शेवटचीही नव्हे.

होडीतील रचना मोठी बोधप्रद होती. लहरी टिपण्याचे काम 'कोहिअरर' नावाच्या साधनाकडे होते. १८९० साली फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांनी दाखवून दिले होते की, नळीत भरलेला धातूचा कीस एरवी वीज जाऊ देत नाही. जवळपास ठिणगी पडली की तोच कीस एकमेकांस चिकटल्यासारखा होतो आणि वीज वाहू लागते. अडचण अशी, की एकदा चिकटलेला कीस आपण होऊन सुटत नाही, त्याला टिचकी मारावी लागते. टेस्ला यांनी टिचकीऐवजी दुसरी युक्ती योजिली: प्रत्येक संदेशानंतर ती लहानशी डबी उलटीपालटी व्हावी, म्हणजे आतील कण मोकळे होऊन पुढील संदेशास सिद्ध होतील. डबीतून जाणारा प्रवाह इतका क्षीण, की त्याने सुकाणू हलणे अशक्य. म्हणून त्या प्रवाहाने रिले चालवायचा, रिलेने विद्युत्चुंबक, आणि विद्युत्चुंबकाने घड्याळासारख्या दात्यांच्या यंत्रणेतून एक रूळ एकेक पायरी पुढे सरकवायचा. रुळावरील पट्ट्यांना टेकलेल्या ब्रशांतून सुकाणूच्या मोटारीला क्रमाने आज्ञा मिळत: एका बाजूस वळ, थांब, दुसऱ्या बाजूस वळ, थांब. संदेश एकच, अर्थ चार; कोणता अर्थ लागू पडणार हे रूळ कोणत्या पायरीवर आहे यावर अवलंबून. संकेत पाठविणाऱ्याने मोजण्यात चूक केली, तर होडी नेमकी उलट वळणार.

पेटंटात टेस्ला यांनी उपयोगांची लांबलचक यादी दिली आहे. पत्रे आणि सामान नेणे, दुर्गम प्रदेशांशी संपर्क साधणे, देवमाशांची शिकार, असे बरेच काही तीत आहे. आणि शेवटी दावा असा की, या शस्त्राची संहारशक्ती निश्चित व अमर्याद असल्यामुळे राष्ट्राराष्ट्रांत कायमची शांतता नांदेल. यंत्राबाबत टेस्ला यांची दृष्टी अचूक ठरली. माणसाबाबत ते फारच आशावादी होते, असे म्हणणे भाग आहे.

येथे एका भारतीय नावाचा उल्लेख अपरिहार्य आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडून पाठविलेल्या अदृश्य लहरींनी घंटा वाजविली आणि दारूगोळ्याची पूड उडविली. दूरच्या यंत्राकडून बिनतारी लहरींनी काम करवून घेण्याचे हे फार आरंभीचे उदाहरण. १८९९ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे लोखंड आणि पारा यांचा कोहिअरर मांडला. तो संदेशानंतर आपोआप पूर्वस्थितीवर येई. टिचकी नको, डबी उलटविणे नको. टेस्ला यांच्या होडीचे अर्धे कुटाणे ज्या एका दोषामुळे होते, तो दोषच यात उरला नव्हता.

कोहिअररची दुसरी खोड मात्र अधिक चिवट होती. त्याला आपली ठिणगी आणि परकी ठिणगी यांतील भेद कळत नसे. रिलेचे टोक उघडताना पडणारी बारीक ठिणगीही त्याला दूरवरचा संदेश वाटे. म्हणून मार्कोनी यांनी आपल्या ग्राहकयंत्रात रिले आणि ठोकणी यांच्या कुंडल्यांना समांतर रोधक जोडले आणि कोहिअररच्या तारांत लहान कुंडल्या घातल्या. कोणती तार कोणत्या तारेजवळून न्यावी, हा प्रश्न असा बिनतारी विद्येच्या जन्माबरोबरच जन्माला आला.

पुढची वाटचाल जलद झाली. स्पेनचे अभियंते लिओनार्दो तोर्रेस केवेदो यांनी 'टेलेकिनो' हे यंत्र १९०३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवले, आणि १९०६ साली बिल्बाओच्या बंदरात राजा तेराव्या आल्फोन्सोच्या समक्ष माणसे बसलेली नौका किनाऱ्यावरून चालवून दाखविली. पहिल्या महायुद्धात जर्मनीने सुमारे सतरा मीटर लांबीच्या, पुढच्या भागात ७०० किलो स्फोटक भरलेल्या वेगवान नौका बेल्जियमच्या किनाऱ्यावरून सोडल्या. वर उडणारे विमान दिशा कळवी, आणि आज्ञा मात्र नौकेमागे उलगडत जाणाऱ्या लांबच लांब तारेतून जात. २८ ऑक्टोबर १९१७ रोजी अशा एका नौकेने 'एरेबस' या ब्रिटिश जहाजाला धडक दिली. जहाजाचे नुकसान झाले, पण ते बुडाले नाही.

युद्ध संपल्यावर आरमारांपुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. तोफखान्याचा सराव करावयाचा तर लक्ष्य हलते हवे, खऱ्या जहाजासारखे वळणारे हवे. पण त्यावर माणूस असता कामा नये. जुन्या युद्धनौका यासाठी कामास लावण्यात आल्या. अमेरिकेची 'आयोवा' १९२० साली बिनतारी नियंत्रणाखाली आली आणि मार्च १९२३ मध्ये पनामाच्या आखातात 'मिसिसिपी'च्या तोफांनी ती बुडाली. जर्मनीने 'झेरिंगेन' या जहाजाचे असेच रूपांतर केले. अशा जहाजात कोळसा टाकायला माणूस ठेवता येत नाही, म्हणून त्याची बाष्पपात्रे तेलावर चालणारी केली गेली. ब्रिटनने प्रथम 'अ‍ॅगमेम्नॉन' आणि तिच्या मागून 'सेंच्युरियन' ही जहाजे घेतली.

'सेंच्युरियन'ची कुंडली विलक्षण आहे. १९११ साली जलावतरण, दहा साडेतेरा इंची तोफा, १९१६ साली जटलंडच्या लढाईत उपस्थिती. निवृत्त झाल्यावर तोफा उतरविल्या गेल्या आणि बिनतारी यंत्रणा चढविली गेली. सरावाच्या वेळी खलाशी उतरून जात, आणि 'शिकारी' या नावाची विनाशिका दुरून तिला चालवी. भारतीय भाषेतून उचललेले हे नाव ज्याने या कामी नेमले, त्याला विनोदबुद्धी होती की हा नुसता योगायोग, हे सांगणे कठीण. दुसऱ्या महायुद्धात या जहाजाला तिसरा अवतार घ्यावा लागला. १९४१ साली लाकडी तोफा आणि कॅनव्हासचे बुरूज चढवून तिला 'अ‍ॅन्सन' या नव्या युद्धनौकेचे सोंग देण्यात आले, आणि १९४२ साली ती मुंबईच्या बंदरात येऊन उभी राहिली. शत्रूच्या हेरांना तिच्यात प्रबळ युद्धनौका दिसावी, हा हेतू. त्याच वर्षी जूनमध्ये माल्टाकडे निघालेल्या जहाजांच्या तांड्याबरोबर ती भूमध्य समुद्रात होती, आणि जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लाटा अडविण्यासाठी तिला मुद्दाम बुडविण्यात आले.

मूळ 'सेंच्युरियन' सुमारे सहाशे फूट लांब होती. छंदिष्टांना प्रिय असलेल्या एकास शहाण्णव या प्रमाणात तिची प्रतिकृती केली, तर ती सव्वासहा फुटांची होते. टेस्ला यांची होडी चार फुटांची होती. म्हणजे इतिहास फिरून जवळजवळ त्याच मापावर येतो, आणि अडचणीही त्याच. १९५० च्या सुमारास छंदिष्टांच्या नौकांत एका बटणाची यंत्रणा असे: पीळ दिलेला रबराचा पट्टा, विद्युत्चुंबक आणि दात्यांचे चक्र. दाबले की उजवीकडे, सोडले की मध्यावर, पुन्हा दाबले की डावीकडे. टेस्ला यांचा रूळच तो, फक्त रबरावर चालणारा. पुढे ट्रान्झिस्टर आले, दांडी जितकी हलवावी तितकेच सुकाणू हलविणारी सर्वो मोटार आली, आणि मोटारीचा वेग सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक फलक आले.

फलक वाढले तशा तारा वाढल्या. युद्धनौकेचा सांगाडा अरुंद, आणि हात घालावयास डेकवरची एक खिडकी. फिरत्या तोफबुरुजाकडे जाणाऱ्या तारेला वळण्यापुरती सैल जागा हवी, नाहीतर ती चार फेऱ्यांत तुटते. ज्यांची मॉडेले वर्षानुवर्षे टिकतात, असे कारागीर सगळे फलक एका पातळ लाकडी तक्त्यावर बसवितात, आणि वरचा सांगाडा उचलला की तक्ता अखंड बाहेर निघेल अशी सोय ठेवतात. तक्ता तळापासून उंच, कारण तळाशी थोडे पाणी शिरतेच. जड विद्युत्घट मात्र अगदी खाली, नाहीतर नौका कलंडते. मोटारीच्या दोन तारा एकमेकींस पीळ देऊन नेतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना मारतात. मोटारीच्या ब्रशांशी सततची ठिणगी असते, आणि ती म्हणजे एक लहानसे प्रक्षेपण केंद्रच. म्हणून ब्रशांच्या टोकांवर बारीक संधारित्रे डाखतात. ग्राहकयंत्र मोटारीपासून दूर ठेवतात आणि त्याची आकाशतार पाण्याच्या पातळीच्या वर नेतात, कारण हल्लीच्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी पाण्यात शिरताच विरून जातात.

बांधणीची रीत टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. तेथे मेण लावलेल्या सुती दोऱ्याने तारांच्या जुड्या ठरावीक अंतराने गाठी मारून बांधीत, आणि प्रत्येक तार आपापल्या जागी जुडीतून बाहेर काढीत. मॉडेलात आज प्लास्टिकच्या पट्ट्या वापरणारे पुष्कळ आहेत, पण त्या फार आवळल्या तर तारेवरील आवरण कापतात. जुने लोक दोराच पसंत करतात. प्रत्येक टोकाला क्रमांकाची चिठ्ठी, धन तार तांबडी, ऋण तार काळी, आणि दुरुस्तीसाठी बोटभर जादा लांबी. सगळ्या ऋण तारा एकाच ठिकाणी मिळवितात. दोन ठिकाणी मिळविल्या की मोटारीचा प्रवाह ग्राहकयंत्राच्या तारेतून वाट काढू लागतो, आणि मोटार जोरात चालली की सुकाणू थरथरते.

ही थरथर शोधण्याची एक साधी कसोटी आहे. नौका जमिनीवर लाकडी घोड्यावर ठेवायची, मोटार पूर्ण वेगाने चालू करायची, प्रक्षेपकाची शक्ती कमी करून पावलापावलाने दूर जायचे, आणि सोबत्याने सुकाणूवर नजर ठेवायची. सुकाणू आज्ञेवाचून हलले, तर तक्ता बाहेर निघतो आणि तारा पहिल्यापासून तपासल्या जातात. तोवर नौका पाण्यात सोडीत नाहीत.